तुम्ही विचारलंत म्हणून: काम झालं म्हणता, मग वेगळं काय दिसतंय?

मी सरकारी खात्यात ऐतिहासिक इमारतींच्या जतनाचं काम बघते. हा प्रश्न मला इमारतीत राहणारे विचारतात, येणारे-जाणारे विचारतात, नात्यातले लोक तर हमखास विचारतात. महिनोन्‌महिने परांची बांधलेली असते, बिलं निघतात, आणि परांची उतरली की भिंत आपली होती तशीच. ना नवा रंग, ना चकाकी. मग एवढे दिवस केलंत काय?

बराचसा वेळ पाण्याचा माग काढण्यात जातो. मला बोलावणं येतं ते बहुधा गिलावा फुगला म्हणून. सगळे त्या भिंतीपाशी जमलेले असतात आणि मी आधी छपरावर जाते. पन्हळ पाल्याने तुंबलेली असते, नाहीतर कठड्याच्या सांध्यातून रोपटं डोकावत असतं, नाहीतर पाणी खाली आणणारा पाइप मध्येच फुटून गुपचूप भिंतीत मुरत असतो. खालचा फुगलेला गिलावा म्हणजे पाणी बाहेर कुठे पडलं, एवढीच खूण. तिथे नवा गिलावा थापला तर तोही फुगणार. त्यामुळे पैसा जातो तो कुणाची नजर न पोचणाऱ्या जागी.

मग येतो ठरलेला सल्ला: “चुना-बिना कशाला, सिमेंट मारून एकदाचं पक्कं करून टाका.” पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिनने घेतलं १८२४ मध्ये. त्याआधीच्या दगड-विटांच्या बहुतेक भिंती चुन्यात नाहीतर मातीत बांधलेल्या. अशा भिंतीत ओल शिरते आणि मऊ, सच्छिद्र सांध्यांतून निघून जाते. झीज व्हायचीच तर सांध्याची होते, आणि सांधा पुन्हा भरता येतो. सिमेंटने दरजा, म्हणजे हे सांधे, भरल्या की ही वाट बंद. ओल दगडातून बाहेर पडू लागते, तिच्याबरोबरचे क्षार दगडाच्या पृष्ठभागाशी स्फटिक धरतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. अशी भिंत तिरप्या उन्हात बघा. दगड आत गेलेला, त्याचा भुगा पायथ्याशी पडलेला, आणि सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे आलेल्या. दुरुस्ती धडधाकट, इमारत आजारी.

ते सिमेंट काढताना घाईने यंत्र चालवलं तर दगडाच्या कडा उडतात. छिन्नीने, हाताने, वीतवीत काढावं लागतं. मग त्यात चुना भरायचा. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो, आणि तोवर त्याला उन्हापासून, वाऱ्यापासून जपावं लागतं, ओली फडकी टांगून ठेवावी लागतात. चांगला गवंडी चुना दाबून दाबून आत बसवतो, आणि तो आवळू लागला की ताठ ब्रशने वरून ठोकतो. त्याने वरची साय जाते, वाळूचे कण उघडे पडतात आणि नवी दरज जुन्यांत मिसळून जाते. एवढं सगळं झाल्यावर कुणी म्हणालं की इथे काही केलेलंच दिसत नाही, तर गवंडी खूश होतो. मीही.

कधीकधी आम्ही खरोखरच काही करत नाही, नुसतं बघतो. भेगेच्या दोन्ही बाजूंना चिकटेल अशी काचेची पट्टी बसवायची आणि तारीख घालायची. पट्टी तडकली तर भेग अजून हलते आहे. नाही तडकली तर इमारत कधीकाळी एकदा खचली, स्थिरावली, आणि भेग तेवढी मागे राहिली. ती भरायची आणि सोडून द्यायची. काच फक्त हललं एवढंच सांगते, किती ते नाही, म्हणून आता मोजखुणा असलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्याही लावतात. ऋतूंप्रमाणे भेगा थोड्या उघडतात-मिटतात, त्यामुळे निदान वर्षभर तरी थांबावं लागतं. “वर्षभर नुसतं निरीक्षण?” असा शेरा फाइलवर आला की मी पिसाच्या मनोऱ्याचा दाखला देते.

तो मनोरा १९९० मध्ये बंद केला आणि २००१ च्या डिसेंबरात पुन्हा उघडला. शेवटी कामी आलेला उपाय असा की, उंचावलेल्या उत्तर बाजूच्या पायाखालून थोडीथोडी माती काढत गेले आणि मनोरा आपल्याच वजनाने तिकडे बसत गेला. माथा चाळीसेक सेंटिमीटर मागे आला, कल जेमतेम अर्धा अंश कमी झाला. तोही साडेपाच अंशांतला! धोका टळल्यावर थांबले. बघणाऱ्याला मनोरा आजही कललेलाच दिसतो, आणि माझ्या मते जतनाच्या क्षेत्रातलं ते फार देखणं काम आहे.

याउलट अथेन्सचं पार्थेनॉन. तिथे दगड जोडायच्या लोखंडी पट्ट्यांभोवती प्राचीन कारागिरांनी शिसं ओतलं होतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अभियंते निकोलाओस बालानोस यांनी मंदिर मोठ्या प्रमाणावर सावरलं, पण लोखंड शिशाविना वापरलं. ते गंजलं, फुगलं, आणि संगमरवर फुटला. १९७५ मध्ये ॲक्रोपोलिससाठी समिती नेमली गेली, आणि पुढे त्या पट्ट्या काढून टायटॅनियमच्या बसवल्या. आमच्या कामाचा मोठा हिस्सा हा असा, आधीच्या दुरुस्तीची दुरुस्ती.

“मग निदान मूळ रूप तरी परत आणा!” कोणतं मूळ? वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं मांडणारी १९६४ ची व्हेनिस सनद सांगते, अंदाज सुरू होतो तिथे थांबा. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचा छपरावरचा टोकदार मनोरा २०१९ च्या आगीत कोसळला, तो एकोणिसाव्या शतकातला, वास्तुविशारद व्हायोले-ल-द्युक यांचा. मध्ययुगीन मनोरा त्यांच्या आधीच उतरवला गेला होता. पुन्हा उभारताना त्यांचाच आराखडा घेतला, आणि मला ते पटतं, कारण कागद होते. कागद नसतील तर मी सही करत नाही. नक्षीचा एखादा तुकडा गेला असेल तर तिथे साधा दगड बसवावा. बघणाऱ्यांना तो खटकतो, खटकू दे.

राहता राहिलं सरकारी अंग. दरसूचीत नव्या गिलाव्याला प्रति चौरस मीटर दर असतो. जुना गिलावा ठोकून, बद्द वाजला तेवढाच काढून बाकीचा राखण्याला मात्र दर बसवणं अवघड. भिंत उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, पण अंदाजपत्रक उघडण्याआधी लागतं. आर्थिक वर्ष संपत आलं की निधी परत जाऊ नये म्हणून धावपळ सुरू होते, आणि चुन्याला त्याच्याशी देणंघेणं नसतं. लेखापरीक्षणासाठी मी हल्ली भिंतीचे फोटो लावतच नाही. पन्हळीचे लावते, खरवडून काढलेल्या सिमेंटच्या ढिगाचे लावते, आणि कुठली दरज कुठल्या मिश्रणाने भरली त्याचा नकाशा जोडते. आक्षेप बरेच कमी झालेत. आता येतात ते बहुतेक मजुरीच्या दिवसांवर.