सही जुळत नाही: अण्णांच्या पेन्शन खात्याचा अनुभव

अण्णांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आहे हे डॉक्टरांच्या लगेच लक्षात आलं. बँकेच्या लक्षात आणून देता देता मात्र अख्खा पावसाळा गेला. ती चीड अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहितेय. घरात असं माणूस असेल तर यातलं काहीतरी तुमच्या उपयोगी पडेल.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७८. पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागले आणि अधीक्षक होऊन निवृत्त झाले. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. भाजी आणायला म्हणून बाहेर पडलेले अण्णा वारणालीतल्या जुन्या ऑफिसच्या दारात सापडले, तेव्हा नुसतं वय झालंय म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही हे आम्हाला कळलं. मिरज जवळ असल्याचा फायदा झाला. तिथल्या न्यूरॉलॉजिस्टनी अण्णांना तारीख-वार विचारला, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, तीन शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले. रक्तात बी-१२ आणि थायरॉईड तपासलं, कारण त्यांच्या कमतरतेनंही विसरायला होतं आणि ते औषधानं सुधारू शकतं. मग एमआरआय. निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. आजार बरा होणार नाही, गोळ्यांनी काही काळ थोडं सावरेल, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त एक गोष्ट त्या दिवशी कुणी सांगितली नाही, ती पुढे सांगते.

अण्णांनी एटीएम कार्ड कधी घेतलं नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत जायचं, स्लिप भरायची, पैसे मोजून घ्यायचे, पासबुक भरून आणायचं, हा त्यांचा शिरस्ता. खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर. पुढे पुढे मी सोबत जाऊ लागले. आणि एका महिन्यात काउंटरवरून स्लिप परत आली. "मॅडम, सही जुळत नाही."

जुळणार कशी? बँकेकडे नमुना आहे तो पूर्ण नाव-आडनावाच्या सहीचा. अण्णांनी आयुष्यभर फायलींच्या समासात जी लघुस्वाक्षरी केली, दोन अक्षरं आणि खाली तारीख, तीच त्यांच्या हातात उरलीय. पेन दिलं की तीच उमटते. तारीख १९९४ ची असते, कधी १९८९ ची. मी शेजारी पूर्ण सही काढून दाखवली, तर ती त्यांनी मन लावून वाचली आणि खाली पुन्हा लघुस्वाक्षरी केली. तपासून मंजूर केल्यासारखी.

दर महिन्याला पेन्शन जमा होत होती आणि एक रुपया काढता येत नव्हता. औषधं, डायपर, दिवसभर थांबणाऱ्या मावशींचा पगार, सगळं माझ्या आणि भावाच्या खिशातून. आम्ही ते करत होतो, करूच. पण आई दुखावली. "त्यांनी कमावलेलं असताना पोरांपुढे हात पसरायचा का?" असं ती म्हणाली, त्या रात्री मला झोप लागली नाही.

काउंटरवरून आधी सांगितलं, मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, करून आणा. वकिलांकडे गेले तर ते म्हणाले, करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की ते मुखत्यारपत्रही संपतं. आधी केलेलं टिकत नाही, मग आता नवीन कसं करणार? परत बँकेत. आता ऐकलं, कोर्टातून पालकत्वाचा आदेश आणा. परत वकील. हा भाग नीट वाचा, कारण बँका हे सहज सांगून मोकळ्या होतात. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्यातली समिती पालक नेमून देते, पण तो कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. डिमेन्शिया त्यात नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, पण त्याचा अधिकार उपचारापुरता. पैशाला तो हात लावू शकत नाही. अपंगांच्या २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे, पण आमच्या वकिलांच्या मते बँकेला चालेल असा पक्का आदेश हवा तर उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागेल. "आता निदान मुंबईला जायला नको," ते म्हणाले. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सांगली आणि सातारा त्यातच येतात. सोय झाली हे खरंच. ज्यांच्या जमिनी, ठेवी, घरं अडकली आहेत त्यांनी तो रस्ता जरूर धरावा. पण नवऱ्याच्या पेन्शनमधून औषधं आणायला एका म्हातारीनं उच्च न्यायालयात जायचं, हे मला पटलं नाही. आजही पटत नाही.

याच काळात काउंटरवरचा मुलगा एकदा म्हणाला, "असली केस आमच्याकडे पहिलीच." तो उद्धट नव्हता, खरंच बोलत होता. पण हे शक्यच नाही. साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना डिमेन्शिया आहे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत निघाला. शंभर ज्येष्ठांमागे सातजण तरी. महिन्याच्या पहिल्या तारखांना त्या शाखेत बाकांवर जेवढे आजी-आजोबा बसलेले असतात, त्यांच्यात असे कितीतरी असणार. कुणाची स्लिप सून भरते, कुणाची सही नातू गिरवून देतो, आणि ते चालून जातं. आम्ही सरळ मार्गानं गेलो म्हणून अडलो.

मार्ग दाखवला तो शेजारच्या काकांनी. बँकेतून निवृत्त झालेले, ज्येष्ठ नागरिक संघाचं काम बघतात. आईनं सहज त्यांच्याजवळ रडगाणं गायलं तर ते म्हणाले, "अहो वहिनी, हा नियम आमच्या काळापासून आहे. हाताचा नाही तर पायाचा अंगठा घ्यायचा." मला आधी खरं वाटेना. पण सरकारी पेन्शन वाटणाऱ्या बँकांसाठी रिझर्व्ह बँकेचं जे परिपत्रक आहे, त्यात हे चक्क लिहिलंय. पेन्शनर आजारी किंवा असमर्थ असेल, सही करू शकत नसेल, बँकेत येऊ शकत नसेल, तर हाताचा किंवा पायाचा अंगठा घ्यायचा. तो दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखायचा, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. अंगठाही उठवता येत नसेल तर नुसती खूण चालते. पैसे कोण घेऊन जाणार हे पेन्शनरनं सांगायचं आणि त्या माणसालाही साक्षीदारांनी ओळखायचं. शिवाय ही माहिती शाखेच्या फलकावर लावा, असंही त्यात म्हटलंय. आमच्या शाखेच्या फलकावर कर्जमेळाव्याची पत्रकं होती.

मी परिपत्रक छापलं, त्या ओळींखाली रेघा मारल्या, डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं आणि अर्ज दिला. अर्ज दोन प्रतींत घेऊन जा. एकीवर आवकचा शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. "ठेवून जा, साहेब आले की बघतील" म्हणाले की शांतपणे बसून राहायचं. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

तरी फाईल हलेना. शाखा म्हणे विभागीय कार्यालयाला विचारलंय, विभागीय कार्यालय म्हणे शाखेनं ठरवायचं. मग बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याला, मेल केला. दुसरा मुद्दा त्यात घातला: ७० वर्षांवरच्या आणि आजारी ग्राहकांना घरपोच सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेनं ९ नोव्हेंबर २०१७ लाच बँकांना सांगितलंय. आणि शेवटी लिहिलं की ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालांकडे तक्रार करेन. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार फुकट करता येते, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. ती वेळ आली नाही. आठवडाभरात शाखेतून फोन आला, "घरी कधी येऊ?"

एक तरुण अधिकारी आल्या. त्यांच्याबद्दल मला मुद्दाम लिहायचंय. त्यांनी आल्या आल्या कागद काढले नाहीत. चहा घेतला. अण्णांना धरणाच्या कालव्यांबद्दल विचारलं आणि अण्णा बोलत सुटले, मोजमापांसकट. मग त्यांनी आईकडे बोट करून विचारलं, "अण्णा, या कोण? पेन्शनचे पैसे कोणाकडे देऊ?" अण्णा म्हणाले, "हिच्याकडेच द्या. घर ही चालवते." बँकेच्या अधिकारी आणि शेजारचे काका साक्षीला राहिले, अंगठा झाला. त्याच बैठकीत खात्याला आईचं नाव जोडायचा फॉर्मही भरून घेतला, दोघांपैकी कुणीही पैसे काढू शकेल असा. पुढच्या महिन्यात आईनं स्वतःच्या सहीनं पैसे काढले, आणि मावशींचा पगार स्वतः मोजून दिला.

आता सुरुवातीला राहिलेली गोष्ट. निदान झालं त्या दिवशी अण्णांना आम्ही सगळे ओळखू येत होतो, सही येत होती. गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर कुणी एवढं सांगितलं असतं, की या महिन्यात बँकेत जा, जोडीदाराचं नाव खात्याला लावा, नॉमिनी बघा, मृत्युपत्र करायचं असेल तर करा, तर पुढचं काही झालंच नसतं. सुरुवातीच्या काळात माणूस स्वतः ठरवू शकतो, आणि ते त्यानंच ठरवलेलं बरं. मी आमच्या डॉक्टरांना एक पानाचा मजकूर लिहून दिलाय. त्यांनी तो ठेवून घेतला. मिरजेत आणि सांगलीत न्यूरॉलॉजी आणि मानसोपचाराच्या जेवढ्या ओपीडी आहेत तिथे तसं पान मिळायला हवं. त्याला वेगळा निधी लागत नाही. ज्येष्ठ नागरिक संघांनी मनावर घेतलं तर छपाईही होऊन जाईल.

हयातीच्या दाखल्याचं, म्हणजे पेन्शनर जिवंत आहे या दरवर्षी द्यायच्या पुराव्याचं, सांगायचं राहिलं. नोव्हेंबरमध्ये त्याची मला धास्ती होती. मोबाईलवर चेहरा दाखवून होतो म्हणतात, पण डोळे मिटा-उघडा म्हटलं की अण्णा नेमके टक लावून बघत राहायचे. पोस्टमनना घरी बोलावलं. पोस्ट पेमेंट्स बँकेचं मशीन, अंगठा, ७० रुपये, झालं. आधी अण्णांचे हात कोमट पाण्यानं धुवून कोरडे केले होते, त्यानं ठसा लवकर उठला असावा.

भाऊ इन्कम टॅक्स भरतो त्याच्यासाठी १९६१ च्या आयकर कायद्यातलं ८०डीडीबी कलम कामी आलं. त्याच्या नियमात डिमेन्शियाचं नाव स्पष्ट आहे. विकलांगता ४० टक्के किंवा जास्त असल्याचं न्यूरॉलॉजिस्टचं प्रमाणपत्र लागतं, आणि रुग्ण ज्येष्ठ असेल तर उपचाराच्या खर्चावर १ लाखापर्यंत वजावट मिळते. जुनी कररचना घेतली असेल तरच, हे सीएला आधी विचारा.

रात्री-अपरात्री अण्णा "ऑफिसला जातो" म्हणून कडी काढतात तेव्हा काय करायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता आलं. अडवू नका, सोबत चार पावलं चाला आणि मग चहाचं निमित्त काढा, असं त्यांनी सुचवलं. बहुतेक वेळा जमतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही वेगळी हेल्पलाइन आहे. अण्णांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशात आईनं नाव आणि माझा नंबर लिहिलेली कापडी पट्टी शिवलीय, तेवढं आजच करून टाका.

फलकाचं काम अजून बाकी आहे. शाखेनं पेन्शनरांच्या अंगठ्याचा तो नियम मराठीत, मोठ्या अक्षरात लावावा म्हणून मी वेगळा अर्ज दिलाय, आवकच्या शिक्क्यासह. संघाचे काका आसपासच्या बाकीच्या शाखांना तोच अर्ज देणार आहेत. तुमच्या शाखेत लावलाय का, पुढच्या पहिल्या तारखेला जाल तेव्हा बघा. नसेल तर मागा.