दौंडचा विसर्ग बघताना वरची गावंही बघा

जुलै लागला की सोलापुरात ज्याच्यात्याच्या तोंडी एकच प्रश्न, दौंडला विसर्ग किती, म्हणजे भीमेतून आपल्या उजनी धरणाकडं पाणी किती येतंय? आमच्या गल्लीच्या ग्रुपवर सकाळी सकाळी कोणीतरी आकडे टाकतंच, उजनी मायनस किती (म्हणजे मृतसाठ्यात किती खाली गेली), पुण्यात बंडगार्डनला किती क्युसेक, प्लसमध्ये कधी येणार. इथं ढगाचा पत्ता नसला तरी चालतं, भीमाशंकरला, लोणावळ्याला, पानशेतकडं कोसळला म्हणजे झालं. आपल्याकडं वर्षाला पडतोच किती, साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. बाकी आपला ऊस, आपला नळ, सगळं सह्याद्रीच्या जिवावर.

आणि तिथला पाऊस बिघडलाय. अरबी समुद्र तापलाय, हवा एक अंश तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते, मग जून कोरडा जातो आणि नंतर दोन-चार दिवसांत सगळं एकदम ओततं. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास सहाशे मिलिमीटर पडला, म्हणजे सोलापूरचा अख्ख्या वर्षाचा पाऊस एका दिवसात आणि वर थोडा जास्तच. त्याच पावसात खाली महाड तालुक्यात तळियेवर दरड आली.

पण मला सगळ्यात जास्त माळीण आठवतं. ३० जुलै २०१४, आंबेगाव तालुका, सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. एसटीच्या ड्रायव्हरला गावच दिसेना तेव्हा बाहेर कळलं. आता नकाशा काढून बघा, माळीणचं पाणी डिंभे धरणात येतं, डिंभ्याखाली घोड नदी, घोड येऊन मिळते भीमेला आणि भीमा आपल्या उजनीत. म्हणजे ज्या पावसाची आपण देव पाण्यात ठेवून वाट बघतो तोच पाऊस हा. नुसत्या पावसावर ढकलून चालणार नाही हेही खरं, तिथं भातखाचरांसाठी मशीन लावून उतार तोडले होते, झाडं गेली होती, त्यावर बरंच बोललं गेलंय. पण अशा मोकळ्या झालेल्या उतारावर पूर्वीची झड वेगळी आणि आताचा हा धबाबा पाऊस वेगळा.

भीमाशंकरला जाताना रस्त्याकडेच्या एका वाडीत थांबलो होतो, अंगणात एक मावशी हिरडा वाळत घालत होत्या. कोवळा बाळहिरडा, हिरवा असतो आणि वाळला की काळा कुळकुळीत सुरकुतलेला, उन्हाळ्यात हातात येणारा पैसा हाच. पावसाचं विचारलं तर म्हणाल्या, "रोप टाकलं का पाऊस गायब, आन लावणीला आला का बांधासकट नेतो बाबा." जून २०२० च्या निसर्ग वादळात आंबेगाव-जुन्नरकडं हिरड्याचं मोठं नुकसान झालं, भरपाईसाठी तिथल्या आदिवासींना कितीतरी वर्षं आंदोलनं करावी लागली. आणि इतका पाऊस पडून मे महिन्यात तिथल्या बायाच हंडे घेऊन डोंगर उतरतात, कारण काळा कातळ, वर मातीचा पातळ थर, पाणी मुरतच नाही, ते सरळ धावत आपल्याकडं येतं. धरण त्यांच्या डोळ्यासमोर, पाणी आपल्या शेतात.

आपल्यालाही झळ बसतेच. २०२३ ला उजनी साठ टक्क्यांच्या आसपास अडकली, २०२४ च्या उन्हाळ्यात उणे साठच्या जवळ गेली आणि तीच त्या ऑगस्टमध्ये भरून वाहिली. उन्हाळ्यात टँकर, पावसाळ्यात पूर, मधलं काही राहिलंच नाही.

म्हणून मला मनापासून वाटतं की कालवा सल्लागार समितीत आवर्तनावरून, म्हणजे कालव्याला पाणी कधी आणि किती सोडायचं यावरून, जी दरवर्षी भांडणं होतात, डावा कालवा, उजवा कालवा, इंदापूरला किती, सोलापूरला किती, तिथं वरच्या वाड्यांचा विषयही निघावा. धोक्याच्या उताराखाली कोण राहतंय, तिथं पर्जन्यमापक आहे का, इशारा रात्री वाडीपर्यंत पोचतो का, डोंगरात पाणी मुरवायला पैसा कोण देणार. ऊसवाल्यांनी आणि आपण शहरवाल्यांनी पाणीपट्टीत थोडे पैसे जास्त भरले आणि ते तिथं गेले तर मी तरी आनंदानं भरीन, तुम्हाला काय वाटतं ते सांगा.