पाठांतर

रविवार, रात्री साडेअकरा

मनू काय म्हणाली ते आधी लिहून टाकतो, म्हणजे झोप तरी येईल. "बाबा, तू हसत नाहीयेस. तू पाठ म्हणतोयस."

बस, एवढंच. पापडाचा तुकडा तोंडात टाकला आणि परत मोबाइलमध्ये. तिच्या लेखी विषय संपला. मी मात्र दुपारपासून तेच चघळतोय.

'अशी ही बनवाबनवी' लागला होता. कितव्यांदा, हे विचारू नये. १९८८ चा सिनेमा, आणि रविवारी खिचडीच्या वेळेला तो कुठल्या तरी वाहिनीवर असतोच. सत्तर रुपयांचा आणि इस्राएलच्या औषधाचा प्रसंग आला, तसं मी ताट सरकवलं आणि सरसावून बसलो. म्हणे माझे ओठ हलत होते. धनंजय मानेच्या अर्धा सेकंद आधी मी बोलत होतो, सरपोतदारांच्याही आधी मीच. आणि हसलो, तेसुद्धा त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत. हे मला माहीतच नव्हतं. आपण झोपेत घोरतो हे दुसऱ्यानं सांगितल्यावर जसं वाटतं, अगदी तसं वाटलं.

मग खरं हसलो कधी होतो या सिनेमाला? आठवून पाहिलं. आठवतो तो गणपतीतला भाड्यानं आणलेला व्हीसीआर. एका रात्रीत तीन सिनेमे, कारण भाडं रात्रीचं. दादानं कॅसेट आणलेली, तिला मधूनच पट्टे यायचे. शेजारपाजारचे सगळे ओसरीवर, आई दाराच्या चौकटीला टेकून, तोंडाला पदर लावून. पार्वती झालेला लक्ष्या पहिल्यांदा दिसला आणि दादा जो हसत सुटला तो थांबेचना, त्याला पाठीत गुद्दे घालावे लागले. मी तेव्हा बहुतेक सिनेमाला हसलोच नव्हतो, दादाला हसलो होतो. आता दादा आणि मी... असो. त्या प्लॉटबद्दल आज लिहायचं नाही असं ठरवलंय.

मनूनं आणखी एक टोला दिला. म्हणाली, "तुला टीव्हीवरच्या स्किटमध्ये पुरुषांनी साडी नेसलेली चालत नाही, चॅनल बदलायला लावतोस. मग हे काय आहे?" आता हिला काय सांगू? मी म्हटलं, अगं, इथे साडीमागे कारण आहे. पुण्यात डोक्यावर छप्पर नाही, लीलाबाई काळभोर नुसत्या पोरांना जागा देणार नाहीत, म्हणून दोघांना बायको व्हावं लागतं. हसू साडीचं नाही, पकडले जाण्याच्या भीतीचं आहे. त्या स्किटवाल्यांना साडी हाच विनोद. साडी नेसली, कंबर हलवली, 'टुंईंग' आवाज आला, संपलं. कुणी जाडा असला की खुर्ची मोडणार. कुणी काळासावळा असला की सगळ्यांनी मिळून त्याच्या रंगावर. आणि समोर बसलेले पाहुणे आधीच डोळे पुसायला तयार. संतापच येतो मला.

एवढं सगळं ऐकून घेतलं बिचारीनं. मग म्हणाली, "हे पण तुझं पाठच आहे बाबा."

खरं आहे. हे भाषण मी ऑफिसात दिलंय, साडूकडे दिलंय, मागच्या दिवाळीत फराळाच्या ताटावर दिलंय. म्हणजे आवडीचंही पाठ आणि नावडीचंही पाठच. माझ्यात ताजं असं काही उरलंय की नाही? संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेलो तर याच विचारानं इतकं भरून आलं की चिमटे तिथंच राहिले. बायकोला सांगावं म्हटलं, पण परवापासून आमचं जे चाललंय त्यात हे कुठे घुसडू?

आणि मग ते गुरुवारचं आठवलं. तेच कारण आहे खरं तर, या लिहिण्याचं. मनूला सांगितलेलं नव्हतं.

गुरुवारी दाढीला बसलो होतो. भिंतीवरच्या टीव्हीत असलंच एक स्किट, साडीवाला, टुंईंगवाला. गालाला फेस, मान मागे, बघण्याशिवाय इलाज नव्हता. त्यात एका सासऱ्याची मिशी एका बाजूनं सुटली आणि ओठावर लोंबायला लागली. समोरच्या सुनेनं, म्हणजे साडीतल्या बुवानं, स्वतःचं वाक्य न तोडता हात पुढे करून ती मिशी दाबून चिकटवली, वर पोराचं नाक पुसल्यासारखा अंगठा फिरवला आणि बोलत राहिला. मी असा काही फुटलो की न्हाव्यानं वस्तरा उचलून हवेत धरला. "साहेब, कान जाईल," म्हणाला. फेस नाकात गेला. डोळ्यांतून पाणी. बाकावरचा म्हातारा माझ्याकडे बघून हसायला लागला, तो टीव्हीकडे बघतही नव्हता.

तेव्हा कुठलंही वाक्य मला आधी ठाऊक नव्हतं.

रात्री जेवताना शेवटी हे मनूला कबूल केलं. म्हटलं, ती मिशी लिहिलेली नव्हती गं, सुटली म्हणून हसू आलं. ती म्हणाली, "ते पण स्क्रिप्टमध्येच असतं. दर तिसऱ्या एपिसोडला सुटते." घ्या! जिथं मी खरा हसलो तिथं ते पाठ म्हणत होते. आता यावर मात्र हसूच आलं, आणि हे कुठल्या खात्यात टाकायचं कळेना.

मघाशी मोबाइलवर तो सत्तर रुपयांचा प्रसंग पुन्हा लावला, आवाज बंद करून. ठरवून धनंजय माने झालेल्या अशोक सराफकडे बघितलंच नाही. फक्त सरपोतदार झालेले सुधीर जोशी. इतकी वर्षं त्या माणसाकडे नीट बघितलं नव्हतं, कारण माझं लक्ष पुढच्या वाक्यावर. कुणी गेल्याचं ऐकल्यावर चेहरा लांब करावा लागतो, तो त्यांनी केलाय. आणि त्याच चेहऱ्यात पैसेही गेले हे हळूहळू उतरत जातंय. दोन्ही दुःखं एकाच तोंडावर. बोलायची सोय नाही. हसलो का? हो, थोडंसं. नाकातून. अंधारात असल्यामुळे साक्षीदार नाही.

मनूनं जाता जाता सांगितलं की पुढच्या रविवारी 'धूमधडाका' आहे. १९८५ चा. तो तर मी उलटा म्हणून दाखवीन. तिला बजावलंय, त्या दिवशी माझ्या तोंडाकडे बघायचं नाही. मी पण तोंडात बडीशेप धरून बसणार आहे, भरपूर.