माजगाव, चाफळ, शिंगणवाडी: एका दिवसाची पायवारी

समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींचे दर्शन हल्ली बहुतेक लोक गाडीने, एक-दोन दिवसांत आटोपतात. सातारा, सांगली आणि कोल्हापूर अशा तीन जिल्ह्यांत विखुरलेली ही ठिकाणे असल्याने त्यात वावगे काही नाही. मात्र या अकरांपैकी चार मारुती मांड नदीच्या एकाच खोऱ्यात आहेत: माजगावात एक, चाफळात दोन आणि शिंगणवाडीच्या टेकडीवर एक. एवढे चार तरी पायीच करावेत, या मताचे आम्ही काही कराडकर दरवर्षी पौष महिन्यात, संक्रांतीची गर्दी ओसरल्यावर, एखादा शनिवार धरून तिकडे जातो. पंढरीच्या वारीचा पल्ला आणि शिस्त या फेऱ्याला नाही, पण ठरलेल्या काळात ठरलेल्या वाटेने जाणे आहे, म्हणून आमच्यापुरती आम्ही तिला वारीच म्हणतो. चढ थोडा, वाट सोपी आणि अंतर बेताचे असल्यामुळे साठी ओलांडलेली मंडळीही सहज येतात.

उंब्रजहून चाफळला जाणाऱ्या एसटीने निघून आम्ही अलीकडेच, माजगावला उतरतो. येथील मारुतीची कथा मला अकरांत सर्वांत जवळची वाटते. गावाच्या वेशीवर एक मोठा दगड होता आणि गावकरी त्यालाच मारुती मानून पुजत होते. त्या दगडावरच मूर्ती कोरून घेऊन समर्थांनी शके १५७१ मध्ये, म्हणजे इसवी सन १६४९ च्या सुमारास, तिची प्रतिष्ठापना केली, असे सांगतात. लोकांचा देव हलवून तेथे दुसरा आणण्यापेक्षा आहे त्याच दगडाला रूप देणे, यातली समज मला मोठी वाटते. मूर्तीचे तोंड पश्चिमेला, चाफळच्या राम मंदिराच्या दिशेला आहे. गाडीतून येणारा माणूस दर्शन घेऊन वळतो आणि ही दिशा त्याच्या ध्यानात येत नाही. देवळातून निघून पायी चाफळची वाट धरली की मारुती ज्या बाजूला पाहतो आहे त्याच बाजूला आपण चाललो आहोत, हे आपोआप कळते.

शनिवार असल्याने रुईच्या माळा लागतातच. त्या विकत घेण्याऐवजी रस्त्याच्या कडेची रुई तोडून वाटेतच ओवायची, असा आमचा परिपाठ आहे. पान देठासकट खुडले की पांढरा चीक भळकन बाहेर येतो. तो डोळ्यांत जाऊ नये म्हणून तोडणाऱ्याने हात धुतल्याशिवाय चेहऱ्याला लावायचा नाही, हे नव्याने येणाऱ्याला दरवेळी बजावावे लागते. एका पानाच्या शेंड्याकडे भोक पाडून त्यात दुसऱ्याचा देठ अडकवत गेले की दोऱ्याशिवाय माळ होते. चालता चालता हे काम करणे दिसते तितके सोपे नाही, आणि चाफळ येईपर्यंत निम्म्या माळा तुटलेल्या असतात.

माजगाव ते चाफळ ही वाट डांबरी आहे, म्हणून तिच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. उसाचे ट्रॅक्टर येत-जात असतात, तेवढे सांभाळून चालावे.

चाफळ मात्र निवांत पाहावे. नदीकाठच्या उंचवट्यावर राम मंदिर उभे आहे आणि पायऱ्या चढून वर गेल्यावर खोरे दोन्ही अंगांनी उघडे होते. शके १५७० मध्ये, म्हणजे १६४८ च्या सुमारास, समर्थांनी येथे रामाची स्थापना केली. मूर्ती कृष्णेच्या अंगापूरच्या डोहातून आणल्याची परंपरागत कथा येथे प्रत्येकाच्या तोंडी असते. आजची दगडी इमारत जीर्णोद्धारानंतरची असल्याने फार जुने काही पाहण्याच्या अपेक्षेने येणाऱ्याची थोडी निराशा होते. त्याने राम पाहून झाला की दोन्ही मारुतींकडे वळावे. रामासमोर हात जोडून उभा आहे तो दास मारुती, आणि मंदिराच्या मागे स्वतंत्र देवळात आहे तो प्रताप मारुती, ज्याला वीर मारुती असेही म्हणतात. पहिला नम्र, दुसरा शेपूट माथ्यावर मुरडून पायाखाली दैत्य चिरडणारा. एकाच देवाची ही दोन रूपे एका आवारात, एक स्वामीच्या पुढे आणि एक पाठीशी, अशी मांडण्यामागे काय विचार असेल यावर आमच्यात दरवर्षी चर्चा होते आणि ती कधीच संपत नाही. माझ्या मते उत्तर साधे आहे: ज्याला पुढे वाकता येते त्यालाच पाठीमागे राखणीला उभे करावे. प्रताप मारुतीचे देऊळ समर्थांच्या काळातलेच असून ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपातही त्याला धक्का लागला नाही, असे गावकरी अभिमानाने सांगतात.

संक्रांतीला येथे सीतामाईची यात्रा भरते आणि ववसा घेण्यासाठी बायकांची रीघ लागते. आम्ही जातो तेव्हा तो ओघ सरलेला असतो, पण पायऱ्यांच्या सांदीत सांडलेले तीळ आणि हळद-कुंकू अजून दिसते. समर्थांच्या चाफळात सर्वांत मोठी गर्दी रामनवमीइतकीच या बायकांच्या यात्रेची असावी, ही गोष्ट अकरा मारुतींची माहिती देणाऱ्या फलकांवर कोठे दिसत नाही, याचे मला नवल वाटते.

चाफळपासून शिंगणवाडी जवळच आहे आणि सबंध फेऱ्यात खरा चढ लागतो तो येथेच. टेकडीवरचे हे देऊळ अकरांत सर्वांत लहान. याला खडीचा मारुती, बालमारुती किंवा चाफळचा तिसरा मारुती अशी नावे आहेत. मूर्तीही लहानशी, प्रताप मारुतीसमोर मान वर करून उभे राहिल्यानंतर येथे गुडघे टेकूनच दर्शन घ्यावेसे वाटते. शिवाजी महाराजांना समर्थांचा अनुग्रह येथेच झाला, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. दोघांच्या भेटीच्या काळाबद्दल इतिहासकारांत जुना वाद आहे. टेकडीवर बसून तो वाद घालणाऱ्यांना आम्ही आधी डबे उघडायला लावतो. वरून चाफळचे शिखर आणि ज्या वाटेने आलो तिचा बराचसा भाग एका नजरेत येतो, आणि माजगावच्या वेशीवर, रामाच्या पुढे-मागे आणि या टेकडीवर मारुती बसवताना जागा किती पारखून घेतल्या असतील, याचा अंदाज तेव्हा येतो.

परतताना डांबरी रस्ता टाळून आम्ही नदीच्या अंगाने शिवारातली वाट धरतो. पौषात शाळू पोटरीतून बाहेर पडून दाणे भरू लागलेला असतो आणि हरभरा घाट्यांनी लगडलेला. यंदा एका बांधावर खुरपत बसलेल्या आजींनी आम्हाला थांबवले.

“कुठनं आलासा?”

“शिंगणवाडीहून, आजी. माजगावला निघालोय.”

“आणि गाडी कुठाय?”

“गाडी नाही. पायीच फिरतोय.”

“आवं, गाडी असती तर आत्तापातुर शापूरचा मारुती झाला असता तुमचा!”

असे म्हणून त्यांनी डहाळ्याची एक पेंढी उपटून आमच्या हाती दिली. हिरव्या हरभऱ्याच्या पानांवरची आंब बोटांना लागते आणि घाटे सोलताना ती जिभेवरही येते, खारट-आंबट. सकाळच्या रुईच्या चिकाचा चिकटपणा त्या आंबेनेही गेला नाही. पैसे देऊ केले तेव्हा आजी खरोखरच रागावल्या. मग आमच्यातल्या वहिनींनी पिशवीतला प्रसादाचा नारळ त्यांच्या ओटीत घातला, तो मात्र त्यांनी कपाळाला लावून घेतला.

आजींचे म्हणणे आम्ही अगदीच मोडीत काढलेले नाही. शहापूरचा मारुती या अकरांत सर्वांत आधीचा, शके १५६६ चा, आणि मसूरचा त्याच्यापासून फार दूर नाही. तेव्हा पुढच्या माघात मसूर आणि शहापूर असा दुसरा फेरा धरायचे ठरते आहे; गाडी मसूरच्या स्टँडवर सोडायची की कराडहूनच एसटीने जायचे, एवढ्यावर घोडे अडले आहे.