भुरीसाठी गोळा

१८ मे, नागपूर

आज पारा ४५ च्या वर गेला. सकाळी साडेदहालाच गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून कढत यायला लागलं. कूलरमध्ये दोनदा पाणी भरलं, तरी वाळ्याचा वास तासाभरात विरून गेला. आमची कुत्री भुरी कूलरसमोर फरशीवर पोट टेकवून, मागचे पाय बेडकासारखे पसरून पडली होती. जीभ बाहेर, फावड्यासारखी रुंद झालेली, कडा वर वळलेल्या.

ती जीभ दिसली की मला मागच्या वर्षीचा मे आठवतो. संध्याकाळी साडेपाचला, ऊन उतरलं असं समजून, मी तिला फिरायला नेलं. ऊन उतरलं होतं, पण सिमेंटचा रस्ता तापलेलाच होता. अर्ध्या तासाने परत आलो तर तिची धाप थांबेना. हिरड्या लालभडक, लाळ दोऱ्यासारखी चिकट, मागचे पाय लटपटत होते. मी तिला न्हाणीघरात नेऊन नळ सोडला, तर पाणी आलं गरम. आईने काही न बोलता स्वयंपाकघरातला माठ उचलून आणला आणि भुरीच्या पोटावर, जांघांत, पंजांवर सगळा रिता केला. मी वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत राहिले. मग रिक्षा करून दवाखान्यात. तिथे थर्मामीटर १०६ दाखवत होता. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. डॉक्टर म्हणाले, आधी पाणी ओतलंत आणि मग आणलंत हे फार बरं केलं. तीन दिवस सलाइन लावून ती वाचली.

तेव्हापासून फिरणं पहाटे साडेपाचला आणि रात्री नवानंतर. रात्रीसुद्धा आधी तळहाताची मागची बाजू रस्त्यावर ठेवून सात आकडे मोजते. हाताला सोसलं तरच तिचे पंजे रस्त्यावर.

माणसाला अंगभर घाम येतो. कुत्र्याला येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना, आणि तोही नावापुरता. बाकी सगळी भिस्त जिभेवर. जिभेवरचा ओलावा उडतो आणि त्यासोबत आतली उष्णता जाते. माठ पाझरतो म्हणून त्यातलं पाणी गार होतं, तसंच हे. पण पाझरायला माठात पाणी हवं, आणि यंदा अडलंय ते तिथेच. भुरी १२ वर्षांची झाली, पाणी पीतच नाही.

२१ मे

परवा दवाखान्यात रक्त तपासून आणलं. मूत्रपिंडं चांगली आहेत, एवढा जीव भांड्यात पडला. दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिली पाणी पोटात जायला हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं. भुरीचं वजन १७ किलो, म्हणजे जवळपास लिटरभर. काल सकाळी मोजून भांडं भरलं आणि रात्री उरलेलं मोजलं. ४०० मिली. या दिवसांत!

मी आईला आकडा सांगितला. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तहान लागत नाही वं म्हातारपणी. तोंड कोरडं पडलं की मंग समजते. तिचंही तसंच होऊन राहिलं असंल."

आई ७४ वर्षांची आहे. तिच्या उशाशी भरून ठेवलेला तांब्या सकाळी तसाच भरलेला असतो, आणि मला वाटायचं ती विसरते. आज पहिल्यांदा कळलं की तिला तहानच लागत नाही.

तर पाणी पीत नसेल तर खायला घालावं, असं ठरवलं. टरबुजाच्या बिया काढून गर मिक्सरमधून फिरवला, बर्फाच्या ट्रेमध्ये ओतला, रात्रभर फ्रीझरला ठेवला. सकाळी एक लाल चौकोन भुरीपुढे ठेवला. तिने हुंगला, दाढेखाली धरला, आणि कर्र आवाज आला तशी मागे सरली. माझ्या पोटात गोळा आला. जबडा उघडून पाहिलं, दात शाबूत होता. पण म्हाताऱ्या कुत्र्याच्या दाढेला दगडासारखा बर्फ द्यायचा नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेलं मी विसरले होते. नखाने दाबून खूण उमटत नसेल इतकं कडक काही चावायला देऊच नये. दाढेचं कवच उडतं आणि कुत्रं बोलून दाखवत नाही.

मग गोळेवाल्याची आठवण झाली. तो कुठे अख्खा बर्फ देतो?

किसणी घेतली. टरबुजाचे चौकोन किसले, स्टीलच्या ताटलीत लाल भुग्याचा ढीग झाला. लगेच पुढे ठेवला नाही, कारण फ्रीझरमधल्या धातूला ओली जीभ चिकटते. ताटली फ्रीझरमध्ये गेली नव्हती, तरी बोटाने चाचपून पाहिली. भुरी आली. आधी नाकाचं टोक लावलं, मागे घेतलं, नाकावर लागलेला थेंब चाटला. मग जीभ बाहेर काढली आणि ढिगाच्या कडेने सावकाश एक रेघ ओढली. पुन्हा एक. तिचा कान, जो नेहमी अर्धा पडलेला असतो, तो उभा राहिला. चाटता चाटता ताटली फरशीवर सरकत कूलरपासून थेट दारापर्यंत गेली, आणि भुरी तिच्या मागोमाग. दारात उंबऱ्याला ताटली अडली तेव्हा कुठे तिने वर पाहिलं.

सुमारे २०० मिली पाणी पोटात गेलं, भांड्याला तोंड न लावता.

२३ मे

दोन दिवसांत बरेच प्रयोग झाले. दही सर्वांत सोपं. एक वाटी दही, दोन वाट्या पाणी, घुसळून पातळ ताक. मीठ नाही, साखर नाही. दह्यामुळे बर्फ भुसभुशीत होतो, किसणीशी झटावं लागत नाही. पसरट डब्यात ओतून दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडलं तर किसायचीही गरज नाही.

तिला सगळ्यांत आवडलं ते कोंबडीचं पाणी. बिनहाडाचे दोन तुकडे नुसत्या पाण्यात शिजवायचे. कांदा, लसूण अजिबात नको, दोन्ही कुत्र्याच्या रक्ताला घातक. गार झाल्यावर वर आलेली चरबी चमच्याने काढून टाकायची. उरलेलं पाणी गोठवायचं. आई शाकाहारी आहे, तिने त्यासाठी वेगळं पातेलं आणि फ्रीझरचा एक कोपरा नेमून दिला. डब्यावर खडूने "भुरी" असं तिनेच लिहिलं.

आंब्याचा रस एक-दोन चमचेच, कारण साखर फार. कोय तर चुकूनही नाही, घशात किंवा आतड्यात अडकते. नारळपाणी द्यायला गेले तर डॉक्टरांनी थांबवलं. त्यात पोटॅशियम बरंच असतं, या वयात रोज नको म्हणाले.

काल शेजारच्या काकू मायेने श्रीखंडाची वाटी घेऊन आल्या, "हे गोठवून दे, दह्याचंच तर आहे." मी त्यांना बसवून नीट सांगितलं. श्रीखंडात साखर असते आणि वर जायफळ. जायफळ कुत्र्यांना बाधतं. द्राक्षं आणि मनुका तर थोड्याही नकोत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. शुगर-फ्री म्हणून मिळणाऱ्या काही पदार्थांत साखरेऐवजी झायलिटॉल नावाचं गोड द्रव्य असतं, ते कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम खाली आणतं, यकृतही बिघडवतं. काकूंच्या मुलाकडे पग आहे. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धाप नीट लागत नाही, म्हणून उन्हाळा त्यांना जास्त छळतो. हेही सांगितलं. त्या लगेच मुलाला फोन लावायला उठल्या.

एक गोष्ट स्वतःलाच बजावते आहे. हा गोळा खाऊ आहे, जेवण नाही. दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या वर खाऊ जाऊ द्यायचा नाही. आणि उन्हाचा झटका आलेल्या कुत्र्याला हे चारायचं नाही. त्याच्या अंगावर पाणी, वारा, आणि दवाखाना.

२५ मे

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. दुपारी दीडला लाईन गेली. कूलर बंद झाल्याबरोबर घरात जी शांतता पसरते, तीत भुरीची धाप फार मोठी ऐकू येते. मी फ्रीझर उघडून सगळे डबे बाहेर काढले. वितळणारच होते.

रिकाम्या डब्यात नुसतं पाणी गोठवून ठेवलेली एक मोठी लादी होती. ती गेटबाहेर कडुलिंबाखालच्या सिमेंटच्या कुंड्यात सोडून आले. तिथलं पाणी अकरा वाजताच तापतं. गल्लीतले दोन कुत्रे तिथेच सावलीत पडलेले होते. लादी पाण्यात पडल्याचा आवाज ऐकून एक उठला, आणि पीत राहिला, किती वेळ ते मी मोजलं नाही.

घरात आले तर आई फरशीवर बसलेली, गुडघे दुखतात तरी. भुरीची ताटली मांडीजवळ, ताकाचा भुगा. आईच्या हातात वाटी, तिच्यातही तोच भुगा, वर चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड.

"हे मी खाऊन राहिली, तिचं नाही घेतलं," आई म्हणाली.

मी विचारलं, "आवडलं का?"

"गार लागते. अजून आहे का?"

साडेतीनला लाईन आली. रात्री भुरीचं भांडं मोजलं, ४५० मिली पिऊन झालेलं, आणि गोळ्याचं वेगळं. आईचा तांब्या मी मोजला नाही, पण तिच्या वाटीत दोनदा घातलं होतं. ट्रेमध्ये आज नवीन ताक ओतलंय. उद्या त्यात काकडी किसून बघणार आहे.