तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी जॅग्वार घ्यावी का?

“तुम्ही कव्हेंट्रीकडे, म्हणजे जॅग्वारच्या गावाकडे राहता, तुम्हाला कळत असेल. 1982ची एक्सजे-सिक्स विकायला काढलीय, अगदी जपलेली. घेऊ का?” इंग्लंडातली आपली मंडळी मला हे हमखास विचारतात. 2008 साली टाटांनी जॅग्वार घेतली, तेव्हापासून तर ती माहेरची असल्यासारखी वाटते.

घ्या की! पण लाकडी डॅशबोर्ड आणि चामड्याच्या सीट बघून विरघळू नका. ही गाडी इंजिनामुळे क्वचित मरते, पत्र्यामुळे मरते. सहा सिलिंडरच्या त्या इंजिनाची मूळ रचना 1948ची. वेळेवर तेल-पाणी केलं आणि तापू दिलं नाही, तर ते दमदार चालतं.

म्हणून आधी गंज बघा. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांत रंगाला फोड आलेत का? तिथून पाणी आत झिरपतं आणि पायाखाली जमतं. गालिचा उचलून हात लावा, दमट लागला की समजायचं. दाराखालचे सिल (पत्र्याचे उंबरे) आणि मागच्या चाकांवरच्या कमानीही तपासा. आणि या गाडीची खासियत म्हणजे दोन पेट्रोल टाक्या, मागच्या दोन्ही बाजूंना एकेक. डॅशबोर्डवरचं बटण दाबून टाकी बदलायची, मजा वाटते. मात्र या टाक्याही गंजतात. डिकी उघडून वास घ्या. पेट्रोलचा भपकारा आला तर किमतीची भाषा बदला. आणि इंजिन दोन्ही टाक्यांवर चालवून बघा. “ती दुसरी आम्ही वापरत नाही” असं विक्रेता सहज बोलून जातो.

मागचे ब्रेक चाकात नसून आत, डिफरन्शियलला (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीला) खेटून बसवलेत. हात पोचत नाही, म्हणून गॅरेजवालेही टाळतात. या ब्रेकचं काम झाल्याचं बिल फाइलमध्ये असेल, तर त्या मालकाने खरोखर गाडी जपली, असं मी मानतो. नुसती झाकून उभी ठेवलेली गाडी मला नको. तिची रबरं तडकलेली असतात, ब्रेक अडकून बसलेले असतात. दरवर्षी थोडीफार पळालेली, दोन ओरखडे असलेली परवडली.

स्वस्तातली घेऊन “हळूहळू करू” म्हणणाऱ्यांना मी अडवतोच. क्रोम, चामडं, रंग एवढ्याचाच खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातो. दुसऱ्याने आधीच खर्च करून ठेवलेली, महागातली घ्या.

चाळीस वर्षं उलटलेल्या गाडीला इथे रोड टॅक्स भरावा लागत नाही, आणि मोठे फेरफार केलेले नसतील तर दरवर्षीची एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची तपासणीही सक्तीची नाही. विक्रेते याचाच आधार घेतात. तुम्ही मात्र गाडीचा नंबर टाकून सरकारी साइटवर जुन्या तपासण्यांचे शेरे वाचा. गंजाचा शेरा वर्षानुवर्षं तसाच दिसला तर काय ते कळेल. शिवाय पैसे देण्याआधी नवी एमओटी करून मागा, फी तुम्ही भरा. त्यालाही मालक नाही म्हणाला, तर दुसरी जाहिरात बघायला लागा.