पायथन पॅकेज आणि त्याच्या चाचण्यांच्या डेटा फाइली

मराठी मजकूर एकसारखा करून देणारे एक लहान पायथन पॅकेज मी सांभाळतो. त्यातला कोड थोडाच आहे. खरी मेहनत चाचण्यांसाठी जमवलेल्या मजकुराच्या फाइलींमध्ये आहे. 'वाऱ्यावर' या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये ऱ आणि हलन्त चिन्ह असा लिहिता येतो, तसाच साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक असाही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पायथनला त्या दोन वेगळ्या स्ट्रिंग वाटतात. र आणि खाली नुक्ता असे लिहिलेले ऱ हे अक्षर एनएफसी या युनिकोडच्या प्रमाणीकरण रूपांतराने एकसंध होते, मात्र जोडक वापरून लिहिलेला अर्धा र त्या रूपांतरातून तसाच बाहेर पडतो. असे सगळे प्रकार ज्या फाइलींमध्ये आहेत त्या पॅकेजसोबत गेल्या नाहीत, तर हा कोड बरोबर चालतो की नाही हे दुसऱ्या कोणाला पडताळून पाहता येणार नाही.

पॅकेज प्रकाशित होते तेव्हा पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजेसच्या सार्वजनिक भांडारावर, साधारणतः दोन गोष्टी चढतात. व्हील ही एक झिप फाइल असते आणि पिप हे पॅकेज बसवणारे साधन ती थेट उलगडून ठेवते. एसडिस्ट हा मूळ स्रोताचा टार गठ्ठा असतो आणि त्यातून व्हील पुन्हा तयार करता येते. माझे मत असे आहे की चाचण्या आणि त्यांच्या डेटा फाइली एसडिस्टमध्ये असायलाच हव्यात आणि व्हीलमध्ये मुळीच नसाव्यात. व्हील घेणाऱ्याला पॅकेज वापरायचे असते, त्याच्या डिस्कवर आपले नमुने साठवण्याचे काही कारण नाही. शिवाय 'टेस्ट्स' नावाचे फोल्डर साइट-पॅकेजेसमध्ये (बसवलेली पॅकेजेस राहतात त्या फोल्डरात) सर्वांत वरच्या पातळीवर जाऊन बसले, तर तशाच नावाच्या दुसऱ्या पॅकेजच्या फोल्डरशी त्याची टक्कर होते. एसडिस्ट घेणारे लोक वेगळे असतात. लिनक्स वितरणांसाठी किंवा कोंडा-फोर्ज या पॅकेज-संग्रहासाठी पॅकेज बांधणारे स्वयंसेवक अनेकदा त्याच गठ्ठ्यातून चाचण्या चालवतात, आणि त्यांच्या हाती अपुरा गठ्ठा देणे मला योग्य वाटत नाही.

यात एक भेद मात्र काटेकोरपणे पाळावा लागतो. कोड चालू असताना जी फाइल लागते, उदाहरणार्थ अक्षरांच्या पर्यायांचा तक्ता, ती चाचणीची फाइल नव्हे. ती पॅकेजच्या फोल्डरातच असली पाहिजे, व्हीलमध्ये गेली पाहिजे आणि इम्पोर्टलिब.रिसोर्सेस या मॉड्यूलमधल्या, पायथन ३.९ पासून उपलब्ध असलेल्या 'फाइल्स' फंक्शनने वाचली पाहिजे.

सेटअपटूल्स हे पॅकेज बांधणारे साधन वापरणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. 'टेस्ट्स' फोल्डरातल्या, 'टेस्ट' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या पायथन फाइली ते एसडिस्टमध्ये आपणहून घालते, पण कॉनफटेस्ट ही चाचण्यांची सामायिक तयारी ठेवणारी फाइल आणि डेटाचे उपफोल्डर घालत नाही. त्यामुळे गठ्ठा वरवर पाहता पूर्ण दिसतो आणि चाचणी सुरू केल्यावरच फाइल सापडत नसल्याचे कळते. मॅनिफेस्ट.इन या फाइलीत 'ग्राफ्ट टेस्ट्स' (टेस्ट्स फोल्डर पूर्ण घे) एवढी एक ओळ लिहिली की हा प्रश्न मिटतो. हॅचलिंग हे बांधणीचे दुसरे साधन याच्या उलट वागते: गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या गिटइग्नोर फाइलीत वगळलेल्या फाइली सोडून बाकीचे सगळे ते एसडिस्टमध्ये घेते. तेव्हा सीएसव्ही फाइली सरसकट वगळणारी एखादी जुनी ओळ तिथे राहिलेली नाही, एवढे पाहून घ्यावे.

बिल्ड हे साधन आधी एसडिस्ट तयार करते आणि मग त्याच एसडिस्टमधून व्हील बांधते. त्यामुळे बांधणीलाच लागणारी फाइल गठ्ठ्यात नसेल तर ते लगेच समजते, पण चाचणीची डेटा फाइल राहून गेली असेल तर बांधणी निमूटपणे पूर्ण होते. म्हणून प्रकाशनापूर्वी मी एसडिस्ट एका रिकाम्या जागी उलगडतो, नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथनच्या वेगळ्या, स्वतंत्र जागेत) व्हील बसवतो आणि उलगडलेल्या फोल्डरात पायटेस्ट हे चाचण्यांचे साधन चालवतो. कोड 'एसआरसी' फोल्डरात ठेवलेला असेल तर चाचण्या शेजारचा स्रोत इम्पोर्ट न करता खरोखर बसवलेले पॅकेजच इम्पोर्ट करतात, आणि या पडताळणीला अर्थ येतो तो त्यामुळेच. स्वतःच्या कामाच्या फोल्डरात हिरव्या (यशस्वी) दिसणाऱ्या चाचण्या वापरकर्त्याला मिळणाऱ्या गठ्ठ्याविषयी काहीही सांगत नाहीत.

डेटा फाइल जशीच्या तशी पोचणे हाही एक विषय आहे. विंडोजवर गिट ओळींच्या शेवटची चिन्हे बदलू शकते, म्हणून गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये या फाइलींना मजकूर समजू नये असे सांगून ठेवावे. फाइल उघडताना यूटीएफ-८ एन्कोडिंग स्पष्ट लिहावे, कारण पायथन ३.१५ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये विंडोजवर न सांगता लागू होणारे एन्कोडिंग वेगळे असू शकते आणि देवनागरीचा तिथे चुथडा होतो.

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संपीडन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये दडवलेला मागचा दरवाजा, म्हणजे गुपचूप प्रवेश देणारा कोड, सॉफ्टवेअर अभियंते अँड्रेस फ्रॉइंड यांनी उघडकीस आणला. त्याचा घातक भाग चाचणीसाठीच्या म्हणून ठेवलेल्या बायनरी फाइलींमध्ये होता, आणि त्याला कार्यरत करणारी बांधणीची स्क्रिप्ट प्रकाशित गठ्ठ्यात होती, पण गिटमध्ये नव्हती. चाचणीची फाइल कोणी उघडून पाहत नाही, या गृहीतकावरच तो हल्ला उभा होता. तेव्हापासून मला असे ठामपणे वाटते की चाचणीचा डेटा शक्य तिथे वाचता येईल असा साधा मजकूर असावा, बायनरी अपरिहार्य असेल तर ती तयार करणारी स्क्रिप्ट सोबत असावी, आणि प्रत्येक नमुना कुठून आला व कोणत्या परवान्याखाली आहे याची नोंद त्याच फोल्डरात असावी. कोडचा परवाना डेटाला आपोआप लागू होतो असे धरून चालू नये.

डेटा मोठा असेल तर गणित बदलते. पायपीआयवर एका फाइलीची नेहमीची मर्यादा १०० एमबी आहे, पण तिच्या जवळपास जाणेही लहान पॅकेजला शोभत नाही. अशा वेळी पूच हे साधन फाइल उतरवून तिचा हॅश, म्हणजे आशयावरून काढलेला ठसा, तपासते आणि ती साठवून ठेवते. सायपाय या वैज्ञानिक गणिताच्या पॅकेजचे डेटासेट्स मॉड्यूल तेच वापरते. मात्र डेबियनसारख्या लिनक्स वितरणांच्या बांधणीत इंटरनेट वापरायची मुभा नसते, म्हणून अशा चाचण्या वेगळ्या खुणेने ओळखता येतील आणि वगळता येतील अशी सोय ठेवावी लागते.

प्रत्यक्ष चढवण्याचे काम आता सोपे झाले आहे. २०२३ पासून पायपीआयवर ट्रस्टेड पब्लिशिंगची (प्रकाशन करणाऱ्या सेवेची ओळख तपासून तात्पुरती परवानगी देण्याची) सोय असल्याने कायमस्वरूपी गुप्त टोकन जपावे लागत नाही, आणि रंगीत तालमीसाठी टेस्टपायपीआय ही पायपीआयची सरावाची वेगळी जागा आहेच. ती तालीम टाळू नये, कारण पायपीआयवर एकदा वापरलेले फाइलनाव, फाइल काढून टाकली तरी, पुन्हा वापरता येत नाही. प्रकाशनानंतर एसडिस्टमध्ये फक्त चाचणीचा डेटा राहून गेल्याचे लक्षात आले आणि कोड अगदी बरोबर असला, तर मी मूळ आवृत्ती यँक करण्याच्या, म्हणजे नव्याने बसवणाऱ्यांना ती सहसा मिळू नये अशी खूण करण्याच्या, बाजूचा नाही: ती वापरणाऱ्यांचे काही बिघडलेले नसते. १.२.० नंतर १.२.०.पोस्ट१ अशी पोस्ट-रिलीज, म्हणजे कोड तोच ठेवून काढलेली पुरवणी आवृत्ती, काढावी आणि बदलांच्या नोंदीत तिचे कारण स्पष्ट लिहावे.